नापासांची शिष्यवृत्ती

“तो एक शब्द तेवढा काढू या, बाई. बाकी सगळं जसंच्या तसं,” थोरवे वकील म्हणाले.

“कोणता शब्द?” कुमुदिनीबाईंनी विचारले. कोणता, ते खोलीतल्या आम्हां तिघांनाही ठाऊक होते.

“नापास.”

“आणि मग उरतं काय?”

“तुम्हां दोघांचं नाव उरतं. शिष्यवृत्ती उरते. ‘नापास’च्या जागी ‘गुणवंत’ घालायचं. एकच अक्षर वाढतं, पाटी तीच चालेल.”

“म्हणजे पेंटरचाच काय तो खर्च,” कुमुदिनीबाई म्हणाल्या. “चहा घ्या, निवतोय.”

मी तेव्हा शिरंबे शिक्षण मंडळाच्या विज्ञान महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत होते. महाविद्यालयाच्या पोर्चमध्ये देणगीदारांचे संगमरवरी फलक होते. प्रत्येकावर देणाऱ्याचे नाव मोठ्या अक्षरांत आणि खाली घेणाऱ्यांची नावे बारीक अक्षरांत. दातृत्वाविषयी मला जो संशय आहे, त्याची सुरुवात या अक्षरांच्या मापापासून झाली. एक फलक मात्र वेगळा होता. लाकडी, हाताने रंगवलेला. ‘कुमुदिनी व वामन साबडे नापास विद्यार्थी शिष्यवृत्ती’, सगळे एकाच मापात, आणि खाली एकही नाव नाही. पाहुणे त्याच्यापाशी थबकत, हसत आणि पुढे जात.

अट साधी होती. पहिल्या वर्षी नापास होऊन पुन्हा त्याच वर्गात नाव घालणाऱ्या एका विद्यार्थ्याला पदवी होईपर्यंत फी आणि खानावळीचा खर्च द्यायचा. निवड तिघांनी करायची: साबडे पतिपत्नींपैकी जे हयात असेल ते, मंडळाचे सचिव आणि विज्ञान शाखेतले एक प्राध्यापक. ठेव मंडळाच्या नावावर असल्यामुळे पैसे मात्र सचिवांच्या सहीनेच निघत. वामनराव नगरपालिकेत पाणीपुरवठा अभियंता होते. आदल्या वर्षी ते वारले. कुमुदिनीबाई गावातल्या पहिल्या पॅथॉलॉजिस्ट. सारे शिरंबे त्यांना ‘लॅबवाल्या बाई’ म्हणे. जयसिंग थोरवे नुकतेच सचिव झाले होते. माझेही समितीतले ते पहिलेच वर्ष होते. माझ्याआधी या जागेवर बर्वे सर होते. मुलाखतीत काय विचारतात, असे मी त्यांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, “काही विचारू नका. बघत बसा.” विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला हे उत्तर पुरेसे नव्हते.

मुलाखती बाईंच्या घरामागे, त्यांच्या बंद केलेल्या प्रयोगशाळेत होत. एक लांब ओटा, भिंतीवर छोटा फळा, पूर्वेला खिडकी आणि खिडकीजवळच्या टेबलावर जुना पितळी सूक्ष्मदर्शक. आत येताना थोरवे दारात क्षणभर थांबले होते. “एवढी वर्षं या रस्त्यानं जातोय,” ते मला म्हणाले होते, “पण हे घर आतून आज पहिल्यांदाच बघतोय.” कुमुदिनीबाईंनी ते ऐकले होते. त्यांनी खुर्ची पुढे केली.

“मंडळाचा ठराव झालाय, बाई,” थोरवे चहा बाजूला ठेवून म्हणाले. “मूल्यांकन समिती डिसेंबरात येतेय. पोर्चमध्ये शिरल्याशिरल्या त्यांना काय दिसणार? आम्ही नापासांना बक्षीस देतो! दुसऱ्या गावची कॉलेजं आमची टिंगल करतात.”

“करू देत. त्यांच्याकडे नापास होत नाहीत का कोणी?”

“होतात. पण ते पाटी लावत नाहीत.” थोरवेंचा आवाज अचानक चढला. “तुम्हांला कल्पना नाही. तो शब्द माणसाला चिकटतो. पुढे तो कितीही मोठा होऊ दे, कोणीतरी उठतं आणि म्हणतं, अरे, हा तर तो! जन्मभर!”

मला त्यांचा हा आवेश त्यांच्या मुद्द्याच्या मानाने जास्त वाटला. मी तो मनात नोंदवून ठेवला. कारण तेव्हा सुचले नाही.

“आज मी दोन उमेदवार आणलेत,” ते सावरून म्हणाले. “एक तुमच्या जुन्या नियमानं, एक नव्या. दोघांनाही बघा आणि सांगा, तुमचे पैसे कुठे शोभतील.”

“येऊ देत,” कुमुदिनीबाई म्हणाल्या. “बाकं आहेत.”

पहिला उमेदवार मंदार घोलप. पहिल्या वर्षात विज्ञान शाखेत सर्वप्रथम, इस्त्रीचा सदरा, नम्र. त्याच्याविरुद्ध माझी काही तक्रार नव्हती आणि आजही नाही. कुमुदिनीबाईंनी त्याला मार्क विचारले नाहीत. सूक्ष्मदर्शकाकडे बोट दाखवून म्हणाल्या, “त्यात बघ आणि काय दिसतं ते सांग. घाई नाही.”

मंदारने एक डोळा मिटून नळीला दुसरा लावला.

“मंदार, सावकाश,” थोरवे खुर्चीत पुढे सरकले. “आधी उजेड—” आणि ते एकदम खोकले. खोकला आटोपला तरी वाक्य त्यांनी पूर्ण केले नाही.

“रक्तपेशी आहेत,” मंदार म्हणाला. “तांबड्या. गोलाकार, दोन्ही बाजूंनी खोलगट. केंद्रक नाही.”

“आणखी?”

“एक पांढरी पेशी. कडेला.”

“बरं. बाहेर बस. खायला ठेवलंय, लाजू नकोस.”

तो गेला. थोरवे समाधानाने मागे टेकतील, अशी माझी अपेक्षा होती. ते टेकले नाहीत. ते खिडकीबाहेर, शेजारच्या भिंतीकडे पाहत राहिले.

दुसरी रेश्मा मुलाणी. तिला मी ओळखत होते. ज्या विषयात ती नापास झाली होती, तो मीच शिकवत होते. नापास झाल्याबरोबर तिची सरकारी फीमाफी बंद झाली होती. शनिवारपर्यंत फी भरली नाही तर तिचे नाव पटावरून कमी होणार होते. तिच्या मामांनी सोलापुरात कपडे शिवण्याच्या कारखान्यात तिच्यासाठी जागा बोलूनही ठेवली होती. हे तिने मला सांगितले, तेव्हा ती रडली नव्हती. रागावलेली होती, आणि कोणावर ते तिला नक्की ठरवता येत नव्हते.

“चपला बाहेर काढू, बाई?”

“असू देत. फरशी थंड आहे. त्यात बघ आणि काय दिसतं ते सांग.”

रेश्माने पाहिले. डोळा बदलला, पुन्हा पाहिले. कपाळावर आठी पडली.

“काही दिसत नाही, बाई.”

“नीट बघितलंस का?”

“नीटच बघितलं. काळं आहे सगळं.” ती वाकून नळीच्या खाली पाहू लागली. “आरसा भिंतीकडे तोंड करून आहे. फिरवू का?”

“फिरव.”

तिने खालचा छोटा गोल आरसा खिडकीकडे वळवला आणि पुन्हा डोळा लावला. “आता दिसतंय. गोल गोल आहे, पुष्कळ. मधे फिकट. नाव नाही माहीत मला.”

“असू दे. नाव पुस्तकात सापडतं.”

मी उठले आणि स्वतः नळीतून पाहिले. रक्तपेशी होत्या. मंदारने सांगितल्या तशाच. मग मी आरसा पुन्हा भिंतीकडे फिरवून पाहिले. काळोख. मला त्या खोलीतली पद्धत कळली आणि बर्वे सर काही का बोलले नव्हते, तेही कळले.

“आता चूक,” कुमुदिनीबाई म्हणाल्या. “फळा तो. खडू तिथंच आहे. कुठे चुकलं ते सांग.”

“घरी काही अडचण होती का गं?” थोरवे मधेच म्हणाले. “आजारपण वगैरे? वडील काय करतात?”

“ते इथे विचारत नाहीत,” कुमुदिनीबाई म्हणाल्या.

“सहानुभूती म्हणून विचारलं.”

“सहानुभूती गेटच्या बाहेर. इथे चूक विचारतात. बोल, मुली.”

रेश्माने फळ्यावर एक भिंग काढले, एक मेणबत्ती काढली. “शाळेच्या पुस्तकात मेणबत्तीचं अंतर धन घ्यायचे. कॉलेजात ऋण घेतात. मी शाळेतलं सूत्र धरलं आणि कॉलेजातली चिन्हं. निम्मं एक, निम्मं दुसरं. भिंगाची सगळीच गणितं उलटी आली.” तिने एक गणित सोडवून दाखवले, चुकीच्या पद्धतीने आणि मग बरोबर पद्धतीने. “हे मला निकालानंतर कळलं. पेपरात कळलं असतं तर कशाला...” तिने खडू ठेवला.

चिन्हांच्या दोन पद्धती आहेत, हे वर्गात सांगण्याचे काम माझे होते. रेश्माने माझ्याकडे पाहिले नाही. तो तिचा चांगुलपणा होता की राग, हे मला ठरवता आले नाही.

ती बाहेर गेल्यावर थोरवेंनी दार लावून घेतले.

“हा काय पोरखेळ आहे, बाई? त्या मुलाला फसवलंत तुम्ही. आणि ऐका, त्यानं सांगितलं ते बरोबरच होतं! रक्तच होतं ना?”

“रक्तच होतं.”

“मग?”

“बरोबर सांगितलं. बघितलं नाही.”

“पॅथॉलॉजीची लॅब, काचपट्टी, रक्ताशिवाय काय असणार? हुशार मुलगा अंदाज बांधतो. मॅडम, तुम्ही सांगा. एका आरशावरून माणसाची लायकी ठरते? हे विज्ञानात बसतं का?”

“एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नये, हे खरं आहे,” मी म्हणाले, कारण ते खरेच होते. “पण तेच गुणपत्रिकेलाही लागू आहे. आणि नियमाप्रमाणे मंदार पात्रच नाही. तो पास झालाय.”

“नियम बदलता येतात. नियम कोणी केले? वामनरावांनी. वामनरावांना नगरपालिकेनं निलंबित केलं होतं, हे गाव विसरलंय, म्हणून...”

त्यांनी जीभ आवरली, पण उशिरा.

कुमुदिनीबाई उठल्या. त्या उंचीने लहान होत्या. ओट्याला टेकून उभ्या राहिल्या.

“गाव विसरलं असेल. मी सांगते. तुम्हीही ऐका, देशमाने मॅडम, तुम्ही बाहेरगावच्या. काविळीची साथ आली होती. या ओट्यावर रोज रक्त येत होतं, आणि ज्या घरातून रक्त येई त्या घराचं नाव माझ्या ओळखीचं असे. नगरपालिकेच्या पाण्यावर दर आठवड्याला शेरा असायचा, ‘पिण्यास योग्य’. खाली सही वामन साबडे. मला वाटलं, पाणी सोडून दुसरं काहीतरी असेल. माझ्या नवऱ्याची सही होती ना! मग एकदा आमच्याच स्वयंपाकघरातल्या नळाचं पाणी मी तपासलं. घाण होती त्यात. गटाराची घाण. रात्री त्यांना विचारलं, तुम्ही नमुना कधी तपासला होता? ते म्हणाले, तपासायची रीतच नाही. शेरा वर्षानुवर्षं तोच आहे, आणि वर्षानुवर्षं बरोबरच ठरलाय.”

थोरवेंनी निवलेला कप उचलला आणि पुन्हा ठेवला.

“वर्षानुवर्षं बरोबर. बघितलं कोणीच नव्हतं. या गल्लीतली दोन पोरं गेली त्या साथीत. दुसऱ्या दिवशी हे नगरपालिकेत गेले आणि सूचनाफलकावर स्वतःच्या अक्षरात लिहून लावलं, पाणी दूषित आहे, न तपासता मी सह्या केल्या, उकळून प्या. म्हणून निलंबित झाले. तपासलं नाही म्हणून नाही, जयसिंगराव. लिहून लावलं म्हणून! पुढे कामावर घेतलं आणि मधल्या काळाचा पगार एकदम आला. तो या घरात वापरायचा नाही, असं आमचं ठरलं. त्याची ही शिष्यवृत्ती. हे म्हणायचे, नापासाला आपलं उत्तर चुकलंय हे माहीत असतं. पास झालेल्याला ते कळायला साथ यावी लागते. आणि तुम्ही मला सांगता, शब्द काढा!”

आम्ही मत घेतले. बाई रेश्मासाठी, मी रेश्मासाठी, थोरवे मंदारसाठी.

“ठीक आहे,” थोरवे शांतपणे म्हणाले. “तुमचा निर्णय तुम्ही घेतला. माझी सही मात्र मिळणार नाही. मंडळाच्या ठरावाविरुद्ध मी ठेव मोडू शकत नाही. वाटल्यास कोर्टात जा. मी वकील आहे, किती वर्षं लागतात ते मला विचारा.”

“शनिवारी तिचं नाव कमी होतंय,” मी म्हणाले.

“मग शब्द काढा. आत्ता. दोघांनाही देतो. मी काय राक्षस आहे?” आणि माझ्याकडे वळून, आवाज खाली आणून ते म्हणाले, “मॅडम, मार्चमध्ये विभागप्रमुखाची जागा रिकामी होतेय. मंडळाला समजूतदार माणसं हवी असतात.”

मला राग येतो तेव्हा माझे डोके थंड होते. लोक याला गुण समजतात. तो केवळ स्वभाव आहे. थोरवे ज्या खुर्चीवर बसले होते, तिथून सूक्ष्मदर्शकाचा आरसा दिसत नव्हता. मधे टेबलाचा पाय आणि बाईंची खुर्ची होती. मंदारने डोळा लावल्याबरोबर त्यांनी ‘आधी उजेड’ म्हटले होते. नळीत उजेड नाही, हे न पाहता कळण्याचा एकच मार्ग होता. आणि कळूनही मुलाला सावध करता येत नाही, अशी अडचण असण्याचेही एकच कारण होते.

बाई कप घेऊन स्वयंपाकघरात गेल्या. मी मागोमाग गेले.

“बाई, थोरवे साहेब या खोलीत आधी आले होते. विद्यार्थी म्हणून.”

त्यांनी नळ सोडला. कप विसळला.

“त्यांनाही हीच शिष्यवृत्ती मिळाली होती. हो ना? एवढं एक वाक्य तुम्ही बोललात, तर ते मुकाट्यानं सही करतील.”

“कोण बोलणार ते वाक्य?”

“तुम्ही. नाहीतर मी.”

कुमुदिनीबाई वळल्या. थोरवेंवर त्या ओरडल्या होत्या. माझ्याशी त्या अगदी हळू बोलल्या आणि ते जास्त वाईट होते. “त्या टेबलापाशी कोण उभं राहिलं, ते या घरातून बाहेर जात नाही. फलकावर नावं का नाहीत, असं वाटलं तुम्हांला? रंग संपला होता? त्या पोरांनी आमच्यासमोर चूक कबूल केली. ती आमच्याकडे ठेव आहे. तिच्यावर धाक दाखवून मी कोणाचं भलं करणार नाही.”

“आणि रेश्मा? तिनं सोलापूरला जाऊन कॉलर शिवायच्या, म्हणजे यांची अब्रू झाकलेली राहील?”

“मी माझे दागिने विकीन. तिची फी भरीन.”

“या वर्षी भराल. पुढच्या नापासाची? त्याच्या पुढच्या? ते ठेवीला कुलूप लावून बसलेत, बाई!”

“तरीही नाही. आणि तुम्हीही नाही. माझ्या घरात आहात.”

मी परत खोलीत आले. थोरवे पाठमोरे उभे राहून फळ्यावरचे गणित पाहत होते. मी टेबलापाशी गेले. आरसा मघाशी मीच भिंतीकडे फिरवलेला होता, तो तसाच होता.

“साहेब,” मी म्हणाले, “जाण्याआधी एकदा तुम्ही बघता का? काय दिसतं ते सांगा.”

दारात कुमुदिनीबाई आल्या होत्या. “मॅडम, पुरे,” त्या म्हणाल्या.

मी पुरे केले नाही. मी खुर्ची मागे ओढली आणि थोरवेंना वाट करून दिली. ते आले. का आले, हे मी पुष्कळदा स्वतःला विचारले आहे. नाही म्हणणे सोपे होते. कदाचित त्या खोलीत ‘बघ आणि सांग’ म्हटल्यावर पाय आपोआप चालू लागत असतील. ते वाकले. डोळा नळीपर्यंत पोचण्याआधी त्यांचा हात खाली गेला आणि बोटाने आरशाची कडा अचूक धरली. एकदाही न चाचपता.

मग आपला हात कुठे आहे, हे त्यांच्या लक्षात आले.

बाहेरच्या ओसरीवर मंदार रेश्माला विचारत असलेला ऐकू येत होता, “तुला काय दिसलं गं? पांढरी पेशी दिसली का?” आणि रेश्मा म्हणत होती, “आधी काळोख दिसला. तुला नाही दिसला?”

थोरवेंनी आरसा न फिरवता हात काढून घेतला. ताठ झाले. कोटाच्या खिशातून पेन काढून त्यांनी रेश्माच्या अर्जावर सही केली, ती इतक्या जोराने की खालच्या कोऱ्या कागदावर वळ उठला. “पाटीचं मंडळ बघेल,” ते म्हणाले. बाईंकडे पाहून त्यांनी नमस्कार केला, माझ्याकडे न पाहता, आणि गेले.

मला वाटले, आता कुमुदिनीबाई बसतील, निदान सुस्कारा टाकतील. त्यांनी दोघा मुलांना आत बोलावले. रेश्माला म्हणाल्या, “उद्या कॉलेजात जा. फीची काळजी नाही.” मंदारच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, “तू पास झालास, तुझं इथे काम नव्हतं. तुला इथे आणला त्याची चूक. पण न दिसलेली पांढरी पेशी पुन्हा कोणाला सांगू नकोस.” तो कानापर्यंत लाल झाला. रेश्मा रडली तेव्हाच, गेटबाहेर पडताना, आणि तेही रागानेच.

मुले गेल्यावर बाई माझ्याकडे वळल्या.

“तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. हुशार आहात.”

“बाई, मुलीचं काम झालं.”

“झालं. आणि तो माणूस आज दुसऱ्यांदा नापास झाला. पहिल्यांदा आम्ही त्याला उभा केला होता, या वेळी तुम्ही पाडलात. पुढच्या वर्षी या. येऊन त्या फळ्यापाशी उभ्या राहा आणि तुमचं कुठे चुकलं ते सांगा. तोवर समितीत बर्वे सर परत बसतील. निवृत्त असले तरी चालतात मला.”

मी गेले नाही. मला फळ्यावर लिहिण्यासारखे काही सापडले नाही. सगळ्या पायऱ्या मी पुन्हा पुन्हा तपासल्या आहेत आणि प्रत्येक वेळी उत्तर तेच येते: मुलगी शिकली. विभागप्रमुखाची जागा अर्थातच दुसऱ्याला मिळाली. त्याचे मला फारसे दुःख झाले नाही. कुमुदिनीबाई रस्त्यात भेटल्या की मान हलवीत. घरी या, असे त्यांनी पुन्हा कधी म्हटले नाही. पाटी त्यांच्या हयातीत तशीच राहिली. थोरवेंनी तिला हात लावला नाही आणि त्यांनी का लावला नाही, हे शिरंब्यात आम्हां तिघांनाच माहीत होते.

बाई वारल्या त्याला आता बरीच वर्षे झाली. महाविद्यालयाच्या सभागृहात शोकसभा झाली. थोरवे तेव्हा मंडळाचे अध्यक्ष होते. पोर्चमध्ये शिरताना मला लाकडी पाटीच्या जागी संगमरवरी फलक दिसला. साबडे दांपत्य मोठ्या अक्षरांत, ‘गुणवंत विद्यार्थी शिष्यवृत्ती’, आणि खाली त्या वर्षीचे पहिले बारीक नाव. दगड नवा होता. बाईंना जाऊन तेरावा दिवस झालेला नव्हता, म्हणजे थोरवेंनी तो आधीच कोरून ठेवला असणार.

थोरवे चांगले बोलले. “साबडे दांपत्यानं आयुष्यभर गुणवत्तेची पूजा केली,” ते म्हणाले. “त्यांच्या शिष्यवृत्तीनं या गावाला हिरे दिले.” लोकांनी मान डोलावली. मी पदराचे टोक मुठीत आवळून बसले होते. एक वाक्य पुरले असते. आता तर मला मनाई करायलाही कोणी नव्हते. पण मनाई करणारे माणूस नसले की मनाई मोडता येत नाही, असे काहीसे माझ्या बाबतीत झाले.

माझ्या शेजारी रेश्मा होती. जवळच्या तालुक्यात शाळेत विज्ञान शिकवते. ती माझ्या कानाशी म्हणाली, “मॅडम, हे काय बोलतायत? तुम्ही काही बोलत का नाही?”

“त्या टेबलापाशी कोण उभं राहिलं, ते सांगायची मला परवानगी नाही.”

“पण मला माझं सांगता येईल ना?”

मी तिच्याकडे पाहिले. या प्रश्नाचा विचार मी कधीच केला नव्हता.

ती उठली, व्यासपीठापर्यंत गेली आणि माइक मागितला. थोरवेंना तो द्यावा लागला.

“माझं नाव रेश्मा मुलाणी,” ती म्हणाली. “पहिल्या वर्षी मी भौतिकशास्त्रात नापास झाले होते. म्हणून मला साबडे शिष्यवृत्ती मिळाली. गुणवंत म्हणून नाही. बाईंनी आणि वामनरावांनी फक्त नापासांना पैसे दिले, दरवर्षी एकाला, आणि कोणाचंही नाव कोणाला सांगितलं नाही. ते सांगायचा हक्क त्यांनी आमच्याकडे ठेवला होता. मी आज माझं सांगितलं. इथे आणखी कोणी असतील. त्यांना सांगायचं असेल तर सांगतील.”

तिने माइक परत थोरवेंच्या हातात दिला आणि येऊन माझ्याशेजारी बसली.

सभागृहात कोणी हलले नाही. थोरवे माइक धरून उभे होते. तोंडासमोर, अगदी जवळ. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिले. त्या दिवसानंतर ते माझ्याकडे सरळ पाहत आहेत, असे ते पहिल्यांदाच. मी मान हलवली नाही, खूण केली नाही, डोळेही फिरवले नाहीत. आरसा या वेळी सर्वस्वी त्यांच्या हातात होता.

“वेळेअभावी,” ते म्हणाले, “आपण इथे थांबू या.”

सभा सकाळची होती; सभागृह संध्याकाळपर्यंत आमच्यासाठीच राखून ठेवलेले होते.